कलम सहा आणि वायरमन

९ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा तारा कापल्या! चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत मुख्याध्यापिकेचा फोन. नदीपलीकडच्या शाळेतली तांब्याची तार कुणीतरी खांबावरून उतरवून नेली. पंप बंद, म्हणून पाणी बंद. संगणकाची खोली अंधारात. वरच्या वर्गाची परीक्षा तोंडावर. तिचा आवाज रडवेला असता तर बरं झालं असतं. तो अगदी कोरडा होता. म्हणाली, बाई, पालकांना काय सांगू तेवढंच सांगा.

मी म्हणाले, बघते. लोकप्रतिनिधी झाल्यापासून या एका शब्दावर माझा संसार चाललाय.

दुपारी गेले. खांबावर तारेची दोन टोकं लोंबत होती. मुली रस्त्यापलीकडच्या टाकीवरून बादल्या भरून आणत होत्या, दोघी-दोघी मिळून एक. संगणकांवर जुनी चादर टाकलेली. मधल्या सुट्टीनंतरचा तास तर निम्मा पाणी भरण्यातच गेला. मागच्या दुरुस्तीला पाच-सहा महिनेही झाले नसतील. दोन घरांनी मुलींचे दाखले काढलेत. अशीच गळती राहिली तर ही शाळा मोठ्या शाळेत विलीन करतील, आणि ती मोठी शाळा इतकी लांब की मुली घरीच बसतील. हे मुख्याध्यापिकेनं सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं मी हेच बघितलंय.

घरी येऊन यांच्यावर उगाच खेकसले. हे म्हणाले, तार मी नाही नेली.

१२ जानेवारी, सोमवार

चिठ्ठी लागली!! माझ्या विधेयकाची चिठ्ठी लागली!

सरकारची विधेयकं राजरस्त्यानं येतात. आमच्यासारख्या साध्या सदस्यांनी स्वतःहून आणलेल्या विधेयकांना अधूनमधून एखादा शुक्रवार मिळतो, तोही चिठ्ठ्या टाकून. तीन अधिवेशनं माझी चिठ्ठी डब्याच्या तळाशीच झोपली होती. आज अध्यक्षांनी हात घातला आणि मीच निघाले. ६ फेब्रुवारी. चर्चा आणि मतदान एकाच दिवशी.

पाच कलमं सरळ आहेत. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांच्या तारा, नळ, मीटर तोडणाऱ्याला कडक शिक्षा. चोरीचं तांबं विकत घेणाऱ्या भंगारवाल्याला त्याहून कडक. शाळेची लाईन तुटली तर आठवड्याच्या आत जोडून द्यायची, नाहीतर अधिकाऱ्यानं उत्तर द्यायचं. याला कुणाचा विरोध असणार?

भांडण आहे ते कलम सहाचं. तार कापणारा अठरा वर्षांच्या आतला असेल तर त्याला कोठडीत डांबायचं नाही. त्याला शाळेत परत घालायचं आणि सोबत वायरिंगचं काम शिकवायचं. म्हणजे तोडायला आलेली पोरं जोडायला शिकतील. एवढंच. पण हे म्हटलं की लोकांचा तिळपापड होतो.

ही माझी शेवटची टर्म. पुढच्या वेळी उभी राहणार नाही, हे घरात ठरलंय आणि पक्षात माहीत आहे. आणि एकदा फेटाळलेलं विधेयक या सभागृहाच्या मुदतीत पुन्हा आणता येत नाही. म्हणजे काय ते एकदाच.

१५ जानेवारी, गुरुवार

कँटीनमध्ये वायरमन भेटले. बसायच्या आधीच सुरुवात. "बाई, तुमची पाच कलमं मी डोक्यावर घेऊन नाचतो. सहावं काढा."

वायरमन म्हणजे समोरच्या पक्षातले माझे जुने वैरी. राजकारणात येण्याआधी ते खरोखरच वीज खात्यात वायरमन होते. आता सगळं सभागृह त्यांना त्याच नावानं ओळखतं, आणि त्यांनाही ते आवडतं. मी शाळेत शिकवायचे म्हणून मला ते बाई म्हणतात. इतर सदस्य "माननीय सदस्या" म्हणतात तेव्हा मला मागे वळून बघावंसं वाटतं.

त्यांचा राग मला कळतो. कुणीतरी अर्धवट कापून सोडलेली तार जोडायला गेलेली त्यांच्या हाताखालची दोन माणसं खांबावरच गेली. एकाची मुलगी तेव्हा पाळण्यात होती. चौदा वर्षांच्या हातानं कापलेली तार काही कमी मारत नाही, असं ते म्हणाले. मी म्हणाले, तुरुंगातून सुटलेलं पोरगं पुन्हा खांबावरच चढतं, तेव्हा तुमची अजून दोन माणसं जातील. ते म्हणाले, तुमचं शाळामास्तरी हृदय आहे. मी म्हणाले, तुमचं खात्याचं डोकं आहे. चहा मात्र त्यांनीच पाजला.

आमची गंमत अशी की आम्ही एकमेकांची जोडी आहोत. सभागृहातली जुनी रीत आहे ही, कुठं लिहिलेली नाही. एका बाजूचा सदस्य आजारी पडला, घरात काही झालं आणि मतदानाला येता येणार नसेल, तर समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदारही मतदानाच्या वेळी सभागृहातून उठून जातो. इकडचं एक कमी, तिकडचं एक कमी, हिशेब जिथल्या तिथं. सगळा कारभार शब्दावर. माझी लेक बाळंतपणात अडली होती तेव्हा अंदाजपत्रकाचं मतदान होतं. मी दवाखान्यात आणि वायरमन सभागृहाच्या बाहेर! त्यांच्या पक्षनेत्यानं त्यांची भरपूर हजेरी घेतली म्हणे. पण नात झाल्यावर घरच्यांनंतर पहिला फोन त्यांचाच आला.

इतकी वर्षं जोडी आहे, पण तुमचं मत कुठं, असं आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आम्ही एका बाजूला कधी होतो?

१९ जानेवारी, सोमवार

दिवसभर फोन. घसा बसला. हे म्हणतात, अधूनमधून बसू दे त्याला, बिचारा फार उभा असतो.

२२ जानेवारी, गुरुवार

समितीबरोबर मुलांच्या सुधारगृहाला भेट. वायरमनही समितीत आहेत, तेव्हा गाडीत तासभर शेजारी. जाताना सारखे बोलत होते.

अधीक्षकांनी स्वागताचं भाषण तयार ठेवलं होतं. मुलं ओळीनं उभी, केस पाणी लावून चापून बसवलेले. वायरमनचं लक्ष भाषणात नव्हतंच. ते दालनाच्या कोपऱ्यातल्या बोर्डाकडे बघत होते. उघड्या वायरी, वर चिकटपट्टी. भाषण मध्येच तोडून त्यांनी अधीक्षकांना असं झापलं की मागची पोरं खुदकन हसली.

मग त्यांनी मुलांना खाली बसवलं आणि स्वतःही फरशीवर बसले. तारेच्या प्रकरणात आलेले कोण, विचारलं. बरेच हात वर झाले. त्यात एक मुलगी होती, बारकी, तेरा-चौदाची. अंगानं हलकी म्हणून टोळीतले मोठे तिलाच खांबावर चढवायचे. वायरमननी तिला हात दाखवायला सांगितलं. डावा तळवा पूर्ण भाजलेला. कातडी आखडून बोटं आत वळलीयेत. त्यांनी तो तळवा आपल्या हातात घेतला आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. तार कापताना पायात काय होतं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काही नाही. लाईन चालू आहे की बंद ते कसं कळायचं? ती म्हणाली, बोट लावून.

वायरमन लालबुंद झाले. "मरायची एवढी घाई होती का गं तुला?" असं जोरात ओरडले. मुलगी दचकली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. मला त्यांचा इतका राग आला! एवढ्याशा पोरीवर काय ओरडता? चोर ते चोर, हेच ना शेवटी?

परत येताना गाडीत ते गप्प. वायरमन आणि गप्प! गाव जवळ आल्यावर एकदम म्हणाले, तुमच्या कलमात शिकवणार कोण ते लिहिलंय का? मी म्हणाले, ते नंतर नियमांत येईल. ते म्हणाले, नियमांत नको, कलमातच लिहा, नाहीतर कुणीही उपटसुंभ येऊन शिकवेल. आता दोन आठवड्यांवर मतदान, आणि यांना दुरुस्त्या सुचतायत. खोडा घालायची ही जुनी युक्ती मला ठाऊक आहे. मी विषयच बदलला.

२३ जानेवारी, शुक्रवार

ती मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. बोट लावून म्हणे!

३० जानेवारी, शुक्रवार

पक्षनेत्यांनी बोलावलं. समोर नावांचा कागद. त्यांचा चेहरा नेहमीच भाजीवाल्याशी घासाघीस करत असल्यासारखा असतो, आज तर जास्तच. म्हणाले, काट्यावर आहे. आपले सगळे आले आणि त्यांच्यातले दोन-तीन नेहमीचे कुंपणावरचे आपल्याकडे वळले तर होईल. कुणी शिंकलं तरी पडेल.

मी म्हणाले, औषध घेऊन येते सगळ्यांसाठी. ते हसले नाहीत.

संध्याकाळी मुख्याध्यापिका भेटून गेली. सध्या भाड्याच्या जनरेटरवर पंप चालतोय, दिवसातून थोडा वेळ. पालकांची सभा घेतली तिनं. विधेयक येतंय, मतदानापर्यंत दाखले काढू नका, असं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं म्हणाली. माझ्या भरवशावर बसलीयेत ती माणसं.

४ फेब्रुवारी, बुधवार

वायरमन कोसळले. सकाळी घरी, दाढी करताना. हृदयाचा झटका. दुपारी शस्त्रक्रिया झाली, मग फुप्फुसात पाणी. अतिदक्षता विभागात आहेत. वहिनींना फोन केला तर त्या नुसत्या "हो, हो" करत होत्या. त्यांचा मुलगा परदेशी, परवा पोचेल.

मी परवाच्या भाषणाची तयारी करत होते. कागद तसेच टाकून यांना म्हणाले, चला. हे चप्पल घालूनच उभे होते.

काचेतून बघितलं. एवढा दांडगा माणूस, पलंगात हरवून गेला होता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर एकच विचार. उद्या मतदान आणि वायरमन पलंगावर. त्यांच्या बाजूचं एक मत गेलं. म्हणजे आम्हाला फायदा! मनात हे आलं आणि माझी मलाच लाज वाटली. माझी लेक टेबलावर होती तेव्हा ह्या माणसानं काही मोजलं नव्हतं.

सकाळीच समोरच्या पक्षाच्या प्रतोदांना फोन केला. सदस्यांना मतदानाला गोळा करायचं त्यांचं काम, जोड्याही तेच लावतात. म्हणाले मी, वायरमनची उद्याची जोडी मी देते, मतदानाच्या आधी उठून जाईन. ते म्हणाले, "बाई, विधेयक तुमचं आहे. आम्ही हे मागितलं नसतं." मी म्हणाले, मागायची रीत नाही, द्यायची आहे. ते म्हणाले, मग घेतो, आणि मनापासून आभार.

आमच्या पक्षनेत्यांना कळल्यावर ते उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. स्वतःच्या विधेयकाला स्वतःच गैरहजर राहणारा सदस्य या इमारतीनं बघितला नसेल म्हणाले. कुठं लिहिलंय का? कुणी मागितलंय का? तो माणूस तुमच्या कलम सहाला जाहीर शिव्या घालत होता ना? होता, म्हणाले मी. पण तो बेशुद्ध आहे म्हणून त्याचं मत मी लाटायचं का? ते म्हणाले, तुमची नैतिकता तुम्हाला लखलाभ, त्या शाळेला काय सांगणार?

संध्याकाळी वहिनींनी मला दोन मिनिटं आत सोडायला लावलं. वायरमन शुद्धीवर होते. तोंडावर मास्क, बोलायला सक्त मनाई. मी वाकून सांगितलं, "काळजी करू नका. उद्या मी तुमची जोडी आहे. तुमचं मत वाया जाऊ देणार नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. सोडेचनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मास्कच्या आत ओठ हलत होते, मान हलत होती. इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. मी म्हणाले, अहो, तुम्ही माझ्यासाठी केलं तेव्हा मी असं रडले होते का? यंत्र टिटी करायला लागलं तशी नर्स धावत आली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मला म्हणाली, बाहेर जा, त्यांना त्रास होतोय.

बाहेर वहिनींना सगळं सांगितलं. त्यांना सभागृहाच्या भानगडी कधीच कळल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, तुमच्यात एवढं आहे हे यांनी कधी सांगितलं नाही हो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण बरं झालं. खूप बरं झालं. लिहून नेलेलं बाजूला ठेवलं आणि त्या मुलीच्या तळव्याबद्दल बोलले. समोरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. वायरमनची जागा रिकामी, चष्म्याचं घर तसंच बाकावर राहिलेलं. त्यांच्या दोन माणसांबद्दलही बोलले. विरोधाची बाजू मांडायला आज ते नाहीत, म्हणून ती मीच मांडते, असं सांगून जमेल तशी मांडली. मग विधेयक मताला टाकावं अशी विनंती केली, पिशवी उचलली आणि निघाले. दारापर्यंतचा रस्ता संपता संपेना. माझ्यामागे दारं बंद झाली आणि मतदानाची घंटा वाजली.

वाचनालयात जाऊन बसले. भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून आतलं ऐकू येत होतं. शिपायानं चहा आणून ठेवला. मी त्याला थांबवून घेतलं, एकटीला बसवत नव्हतं.

पडलं.

एका मतानं पडलं.

पक्षनेते माझ्याजवळ आले. ओरडले असते तर चाललं असतं. हळू आवाजात म्हणाले, तुम्ही आत असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीत अध्यक्षांचं निर्णायक मत आपल्याला होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. समोरचे सदस्य एकेक करून आले, नमस्कार केला, एक जण तर पाया पडला. मला त्याला लाथ मारावीशी वाटली.

घरी आल्यावर रडले. मोठ्यानं. हे शेजारी बसून राहिले. म्हणाले, शब्द मोडून पास केलं असतंस तर आज झोप आली असती का तुला? मी म्हणाले, आज तरी कुठं येणार आहे?

७ फेब्रुवारी, शनिवार

वर्तमानपत्रांत माझा फोटो. सभ्यतेचा आदर्श म्हणे! राजकारणात अजून माणुसकी आहे म्हणे! लेकीचा फोन आला, आई, मला तुझा अभिमान वाटतो. तिचं तरी काय चुकलं? तिच्याच वेळची परतफेड होती ही.

मुख्याध्यापिकेचा फोन दुपारी. तुम्ही बरोबरच केलंत बाई, म्हणाली. मग म्हणाली, सोमवारपासून पालक दाखल्यांसाठी येतायत, मी आता त्यांना थांबवत नाही. शिकलेली, समंजस बाई. एक शब्द वावगा बोलली नाही. सभ्यपणाचं नाव माझं झालं आणि घरी बसणार मुली. त्या सुधारगृहातल्या पोरीला तर कळणारही नाही की तिच्यासाठी काही होऊ घातलं होतं.

तरी पुन्हा तसंच केलं असतं का? केलं असतं. दहा वेळा मनाला विचारलं, तेच उत्तर येतं. त्या माणसाचं मत त्याचं होतं. मला पटो न पटो.

९ फेब्रुवारी, सोमवार

वायरमन सुधारतायत. वहिनींचा आवाज आज मोकळा होता. वर्तमानपत्रं त्यांच्यापासून लांब ठेवलीयेत, डॉक्टरांनी सांगितलंय की सभागृहाचं नाव काढायचं नाही. एवढी एक बातमी बरी आली. देवाजवळ मी दोन्ही मागितलं होतं, एक दिलं त्यानं.

११ फेब्रुवारी, बुधवार

वायरमनचा मास्क निघाला. मुलाशीही धड बोलले नाहीत, आधी बाईंना बोलवा म्हणाले, म्हणून वहिनींनी गाडी पाठवली. आवाज अगदी बारीक. खुर्ची ओढून कान जवळ नेला.

"त्या पोरीचा हात बघितला तेव्हाच ठरवलं होतं. पक्षात कुणाला सांगितलं नाही, ऐनवेळी तुमच्या बाजूनं उभा राहणार होतो. बाई, आपल्या दोघांशिवाय झालं ना आपलं पास?"